एकाचे दोन दिसत होते तेव्हा

"अ‍ॅक्यूट अ‍ॅक्वायर्ड कॉमिटंट इसोट्रोपिया," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि ते चारही शब्द त्यांनी फाइलवर सावकाश लिहिले. मग पेनाला टोपण लावून त्या आईकडे वळल्या.

"अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक आलेला. अ‍ॅक्वायर्ड म्हणजे जन्मापासून नसलेला, नंतर झालेला. कॉमिटंट म्हणजे डोळे कुठेही फिरवले तरी फरक तेवढाच राहतो. आणि इसोट्रोपिया म्हणजे डोळा आत, नाकाकडे वळणं. साध्या भाषेत सांगायचं तर हिला अचानक तिरळेपणा आलाय. म्हणून एका वस्तूच्या दोन दिसतात."

आई मान हलवत होती. तिचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत बँडेजमध्ये होता. बाबा दाराजवळ उभे होते. खुर्ची रिकामी असून बसले नव्हते.

"हे मोबाइलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "पण फार जवळून, तासन्‌तास स्क्रीन बघणाऱ्या मुलांमध्ये आम्ही हे बघतोय. पण उपचाराआधी मेंदूत काही नाही ना, हे बघायला हवं. एमआरआय करून घ्या. उद्याच."

मेंदू हा शब्द ऐकल्यावर आईचं मान हलवणं थांबलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, अकरावी सायन्सला. त्या क्षणी मी काय विचार करत होते ते मला स्वच्छ आठवतं. माझा मोबाइल आईच्या पर्समध्ये होता आणि त्याची बॅटरी किती उरली असेल, हा विचार करत होते. भीती वाटली नाही. वाईटही वाटलं नाही. भूक लागली होती, एवढंच.

हे लिहितेय ते तुमच्यापैकी कुणाला असं काही होत असेल तर उपयोगी पडावं म्हणून. डोळ्याचं सांगणं सोपं आहे, कारण त्याला नाव आहे, तपासण्या आहेत, ऑपरेशन आहे. दुसरं जे झालं होतं ते सांगायला जरा वेळ लागेल.

सुरुवात दहावीनंतरच्या सुट्टीत झाली. आम्ही रत्नागिरीत नाचणे भागात राहतो. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याचे पंप, मिक्सर, पंखे, ज्याची म्हणून कॉइल जळते ते सगळं त्यांच्याकडे येतं. आई घरी ब्लाउज शिवते. मला चांगले मार्क पडले म्हणून बाबांनी मोबाइल घेऊन दिला. सीईटीच्या क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स त्यावर बघायची होती. मी ती बघतही होते. लेक्चर संपलं की दुसरं काहीतरी सुरू व्हायचं.

काय बघायचे, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर काही खास नाही. कुणीतरी केक कापतंय. कुणीतरी साबण किसतंय. कुणी आपली खोली आवरतंय, कुणी नवऱ्याची थट्टा करतंय. कुठेतरी अपघात, त्यानंतर लगेच मांजराचं पिल्लू. प्रत्येक गोष्ट अर्ध्या मिनिटात संपायची. सुरुवातीला हसू यायचं, कधी डोळ्यांत पाणी यायचं. काही महिन्यांनी दोन्ही बंद झालं. अपघात आणि मांजराचं पिल्लू मी एकाच चेहऱ्याने बघायला लागले. अंगठा मात्र थांबत नव्हता. मी कुशीवर झोपून, उशीला मोबाइल टेकवून बघायचे. तोंडापासून वीतभरसुद्धा लांब नसायचा.

मग दिवाळीनंतर एकदा मारुती मंदिरच्या स्टॉपवर उभी असताना समोरून येणाऱ्या एसटीची पाटी मला दोनदा दिसली. एक पाटी, आणि तिला चिकटून बाजूला तशीच दुसरी. मी डोळे चोळले. एक डोळा मिटला तर पाटी एकच झाली. दोन्ही उघडले की परत दोन. वैद्यकीय भाषेत याला डिप्लोपिया म्हणतात, म्हणजे एकाचे दोन दिसणं. तेव्हा मला हा शब्द माहीत नव्हता. झोप कमी झाली असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढचे सहा आठवडे मी हे कुणाला सांगितलं नाही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण सहा आठवडे म्हणजे बरेच दिवस असतात. वर्गातला फळा दोन. समोरून येणाऱ्या ओळखीच्या बाईंना दोन चेहरे. जिन्याची पायरी नक्की कुठली, ते पायाने चाचपून ठरवायचं. मी एक डोळा मिटून चालायला शिकले. लांबचं दोन दिसायचं, पण अगदी जवळचं अजून एकच दिसायचं. म्हणजे सगळ्या जगात मला नीट दिसणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तोंडाजवळ धरलेला मोबाइल. साहजिकच मी तो जास्त बघायला लागले.

सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मोबाइल काढून घेतला असता. याखेरीज दुसरं कारण नव्हतं.

कॉलेजात मी सारखा एक डोळा मिटते, हे ऋताच्या लक्षात आलं. ऋता माझी पाचवीपासूनची मैत्रीण. तिने प्रॅक्टिकलच्या वेळी माझा फोटो काढला, एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं. त्याचा स्टिकर करून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत सगळा वर्ग तो स्टिकर वापरायला लागला. सबमिशन कधी आहे, असं कुणी विचारलं की उत्तर म्हणून माझा चेहरा. मीसुद्धा तो सेव्ह केला आणि मीसुद्धा वापरला. आज विचार केला तर वाटतं, मला तेव्हा अपमान वाटायला हवा होता. मी स्वतःमध्ये शोधलंसुद्धा. काही सापडलं नाही.

मग ती सकाळ आली.

आमच्याकडे सकाळी पेज असते. आई वाटगा, म्हणजे मोठी खोलगट वाटी, हातात धरून उभी होती आणि मी टोपातून पेज ओतत होते. एव्हाना हातभर अंतरावरचंही दोन दिसायला लागलं होतं. एरवी मी डोळा मिटला असता. पण आई अगदी समोर होती, तिने विचारलं असतं. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवले. मला दोन वाटगे दिसले. मी त्यातल्या एकात ओतलं.

तो वाटगा नव्हता. तो आईचा हात होता.

तिने ओरडण्याआधी श्वास आत घेतला, तो आवाज मला आठवतो. वाटगा खाली पडला. पेज चिकट असते, हातावरून लगेच ओघळत नाही. बाबा धावत आले, त्यांनी तिचा हात नळाखाली धरला. मी टोप हातात धरून तशीच उभी होते. तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा होता: आता यांना कळणार, आता मोबाइल जाणार.

नळाखाली हात धरलेला असताना आईने माझ्याकडे बघितलं. मी सवयीने एक डोळा मिटला होता.

"डोळा का मिटलायस गो?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी एसटीच्या पाटीपासून. बातम्या वाचून दाखवल्यासारखं.

आधी आईचा हात दाखवला, बँडेज झालं. तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या वेटिंग रूममध्ये होतो. दर दहा मिनिटांनी एक ताई येऊन माझ्या डोळ्यांत औषध घालून जायच्या. या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि डोळ्याचे आतले स्नायू सैल पडतात, म्हणजे चष्म्याचा खरा नंबर कळतो आणि डोळ्याचा मागचा पडदा बघता येतो. थेंब झोंबतात. नंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. तुमची ही तपासणी होणार असेल तर टोपी किंवा गॉगल बरोबर न्या.

त्याआधी मॅडमनी कव्हर टेस्ट केली होती. समोरच्या दिव्याकडे बघायचं, आणि त्या एकदा हा डोळा झाकणार, एकदा तो. झाकलेला डोळा उघडला की तो आतून सरळ जागेवर कसा येतो, ते त्या बघतात. मग काचेच्या त्रिकोणी पट्ट्या डोळ्यासमोर धरून तिरळेपणा किती आहे ते मोजतात. दुखत काही नाही.

"दिवसाला मोबाइल किती तास?" मॅडमनी विचारलं.

"दोन-तीन," मी म्हणाले.

त्यांनी मोबाइल मागितला. सेटिंगमध्ये जाऊन एक पान उघडलं आणि ते बाबांच्या हातात दिलं. त्यावर रोजचे नऊ तास होते, एका रविवारी बारा. बाबांनी ते पान बराच वेळ बघितलं. आमचे बाबा मुळातच कमी बोलतात.

एमआरआयच्या दिवशी कानातलं, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवलं. एमआरआय म्हणजे चुंबकाने आतले फोटो काढणं, त्यात किरणोत्सर्ग नसतो. नळीसारख्या मशीनमध्ये आडवं सरकवतात आणि अजिबात हलायचं नसतं. आवाज फार मोठा असतो. मला अर्धा-पाऊण तास लागला. मध्ये एकदा हाताच्या शिरेतून इंजेक्शन दिलं, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, त्याने गाठबीठ असेल तर उठून दिसते. थंड काहीतरी दंडातून वर चढत गेल्यासारखं वाटलं.

मी आत पडल्या पडल्या स्वतःला सांगत होते, मेंदूत गाठ असू शकते. परत सांगितलं. कुणा दुसऱ्याच्या मुलीबद्दल ऐकावं तसं वाटत होतं. माझा उजवा अंगठा मात्र मांडीवर वर-खाली हलत होता. तिथल्या टेक्निशियनने माइकवरून सांगितलं, "बेटा, हात स्थिर ठेव." तेव्हा मला कळलं.

बाहेर आले तर बाबा मान वर करून छताच्या पंख्याकडे बघत होते.

"बेअरिंग गेलंय," ते आईला म्हणाले. "आवाज बघ कसा येतोय."

"येऊ दे," आई म्हणाली.

"खोलून द्यायला दहा मिनिटं लागतील," बाबा म्हणाले. मग त्यांनी रुमाल काढून सबंध तोंड पुसलं आणि रुमाल तसाच तोंडावर धरून ठेवला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. मेंदू ठीक होता. डोळ्यांच्या नसांवर सूज नव्हती. आईने डाव्या हाताने तो कागद छातीशी धरला. बाबा मला म्हणाले, "चल, वडापाव खाऊया." आम्ही खाल्ला. मला चव लागली ती फक्त तिखटाची.

उपचाराची पहिली पायरी अशी होती: मोबाइल बंद. अभ्यास पुस्तकातून किंवा लांब ठेवलेल्या टीव्हीवर. वीस मिनिटं वाचलं की उठून लांब बघायचं. चष्म्याचा नंबर आधीपासून होता, तो मी लावत नव्हते, तो लावायचा. बाबांनी मोबाइल दुकानात नेऊन तांब्याच्या तारेच्या खोक्यात ठेवला. मी भांडले नाही. भांडण्याइतकं काही आत नव्हतंच.

पहिले दोन आठवडे कठीण गेले, पण त्याचं वर्णन करायला गेले तर हाती काही लागत नाही. झोप यायची नाही, आणि जाग आली की उठावंसं वाटायचं नाही. बसल्या बसल्या अंगठा हलायचा. शेजारच्या घरातून नोटिफिकेशनचा आवाज आला की मान आपोआप वळायची. आई डाव्या हाताने भाजी चिरायची. मी बघायचे, उठायचे, सुरी तिच्या हातातून घ्यायचे. ते करायला हवं हे माहीत होतं म्हणून करायचे.

महिन्याभराने मोजमाप घेतलं तर तिरळेपणा थोडा कमी झाला होता, पण गेला नव्हता. मॅडमनी कोल्हापूरला पाठवलं, तिथे तिरळेपणाचे वेगळे डॉक्टर होते. आंबा घाटातून एसटीने गेलो. वळणावळणाच्या रस्त्यात मला समोर दोन रस्ते दिसत होते, म्हणून मी डोळे मिटून आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या हाताला तेव्हा नवी, गुलाबी कातडी आली होती. दोन बोटं मात्र पूर्ण वळत नव्हती. ती मधूनमधून ती बोटं दुसऱ्या हाताने दाबून वळवायची. शिवणकाम अजून सुरू झालं नव्हतं.

कोल्हापूरचे डॉक्टर वयस्कर होते. बोलणं सरळ.

"प्रिझम लावू," ते म्हणाले. "चष्म्याच्या काचेवर एक पातळ पट्टी चिकटवायची. ती प्रकाश थोडा वळवते, म्हणजे दोन चित्रं एकावर एक येतात. हा इलाज नाही, कुबडी आहे. चार महिने मोजमाप स्थिर राहिलं की ऑपरेशनचं ठरवू. तोपर्यंत मोबाइलला हात लावलास तर मोजमाप स्थिर राहणार नाही, आणि मी सुरी उचलणार नाही. कळलं?"

"हो," मी म्हणाले.

त्या पट्टीवर बारीक रेषा असतात. त्यातून जरा धुरकट दिसतं, आणि समोरच्याला चष्मा विचित्र दिसतो. पण एक गोष्ट एकच दिसते. मी हॉस्पिटलच्या दारात उभी राहून रस्त्यावरचा एक रिक्षावाला बघितला. एकच रिक्षावाला. आई विचारत होती, "दिसतंय का गो नीट? दिसतंय?" मी म्हणाले, "हो, दिसतंय." ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ते चार महिने मी तो चष्मा लावून कॉलेजात गेले. ऋता एकदा घरी आली. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "स्टिकरचं सॉरी. मला माहीत नव्हतं." मी म्हणाले, "ठीक आहे." आम्ही चहा घेतला. आमची मैत्री तुटली नाही आणि पूर्वीसारखीही झाली नाही.

मोजमाप तीन वेळा तेवढंच आलं. बारावीच्या वर्षात, गणपती झाल्यावर, ऑपरेशन झालं. त्याला रिसेशन म्हणतात. डोळा आत ओढणारा जो स्नायू असतो तो त्याच्या जागेवरून सोडवून थोडा मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. डोळा बाहेर काढतात वगैरे काही खरं नाही, मला शेजाऱ्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. पूर्ण भूल देतात. सकाळी उपाशीपोटी दाखल व्हायचं आणि त्याच संध्याकाळी सोडतात. माझ्या दोन्ही डोळ्यांचं झालं. शुद्धीवर येताना उलटी झाली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, आणि पांढऱ्या भागात लाल रक्त साकळलं होतं. तीन आठवड्यांत ते निवळतं. डोक्यावरून आंघोळ काही दिवस नाही. पहिले तीन-चार दिवस परत दोन दिसेल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. पाचव्या दिवशी सकाळी दोन खिडक्या हळूच एकमेकींत सरकल्या आणि एक खिडकी झाली. चष्म्यावर पट्टी नसताना.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर खूश होते. "बघ, डोळे सरळ आहेत," असं म्हणून त्यांनी मला आरसा दिला. मी बघितलं. "छान आहेत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "आनंद नाही झाला?"

"झाला असेल," मी म्हणाले.

त्यांनी आरसा परत घेतला आणि आईला विचारून मला त्याच मजल्यावरच्या समुपदेशक ताईंकडे पाठवलं. आई बाहेर बसली. ताईंनी झोप, भूक, अभ्यास, जीव नकोसा वाटतो का, सगळं विचारलं. जीव नकोसा वाटत नव्हता. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी रडलीस?" मला आठवेना. "शेवटचं कधी खदखदून हसलीस?" तेही आठवेना.

"याला इमोशनल नंबनेस म्हणतात," त्या म्हणाल्या. "भावना बधिर होणं. पाय फार वेळ दुमडून बसलं की मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटत नाही, तसं. दिवसाला हजारदा थोडंथोडं हसवलं, रडवलं, घाबरवलं की मन ते घेणं बंद करतं, असं काही मुलांच्या बाबतीत होताना मला दिसतं. यात नैराश्यही असू शकतं, म्हणून मी तुला दर महिन्याला बोलावणार आहे. पण आज एक सांग. असं काही आहे का, ज्याचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही?"

मी त्यांना पेजेची सकाळ सांगितली. माझा पहिला विचारही सांगितला.

"आईला सांगितलंस हे?"

"नाही."

"सांगू शकशील?"

परतीच्या एसटीत, घाट उतरून साखरपा गाव मागे पडल्यावर, मी आईला सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगितलं. तुझा हात भाजला तेव्हा मला तुझं काही वाटलं नाही, मोबाइल जाणार एवढंच वाटलं.

आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कसं?"

"तू माझ्या हाताकडे बघत नव्हतीस. ओट्यावर तुझा मोबाइल होता ना, त्याकडे बघत होतीस." मग म्हणाली, "मी म्हटलं, पोर घाबरली असेल. पण घाबरलेली नव्हतीस तू. त्याचीच मला जास्त भीती वाटली. हाताचं काय, हात भरून येतो."

इतके महिने तिने ते पोटात ठेवलं होतं. ते ऐकूनही मला रडू आलं नाही. रडू यायला हवं, एवढं कळलं. रत्नागिरी येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. तिच्या न वळणाऱ्या दोन बोटांसकट.

आज मी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. मोबाइल आहे माझ्याकडे, स्टँडवर ठेवून हातभर लांबून वापरते, आणि ते छोटे व्हिडिओ त्यात नाहीत. आईची शिलाई परत सुरू झाली, बारीक हुक लावायचं काम मी करते. तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला दोन दिसत असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. थांबू नका, डोळा मिटून चालायला शिकू नका. ज्यांनी मला तपासलं, शिवलं, प्रश्न विचारले त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. आणि भावना बोथट झाल्यासारख्या वाटत असतील तर तेही सांगा. त्यालाही डॉक्टर असतात.

आता शेवटचं. हे हॉस्पिटलमध्ये घडलं नाही.

ऑपरेशनला तीन महिने होत आले होते. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण होतं. बाबांनी त्यांचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये काय झालं ते मी बाबांना सांगत होते.

"हं," बाबा म्हणाले.

मी पुढचं सांगितलं.

"हं," बाबा परत म्हणाले आणि त्यांनी बोट पुसून स्क्रीनवर वर सरकवलं.

"बाबा, मी बोलत्येय."

"हं, बोल ना."

"बाबा!"

मला माझाच आवाज ओळखता आला नाही. मी उष्ट्या हाताने तो मोबाइल उचलून जमिनीवर पालथा आपटला. "तुम्हाला ऐकू येतंय का? माणूस समोर बसून बोलतंय! एवढं सगळं होऊन गेलं या घरात, तरी तुम्ही... तुम्हाला काही वाटतं का?"

कान तापले होते. छातीत काहीतरी धडधडत वर येत होतं आणि मला क्षणभर वाटलं की मी आजारी पडतेय, काहीतरी नवीन होतंय. मग मला कळलं, हा राग आहे. मला राग आलाय. आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, नाकातोंडातून, ताटात पडेल असं.

बाबा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईकडे बघितलं. आईच्या तोंडात घास होता, तो तसाच ठेवून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचेही डोळे भरले.

"अगो बाय माझे," ती म्हणाली, "ओरडलीस गो तू. ओरड, अजून ओरड."

बाबा उठले. मोबाइल बंद केला आणि कपाटावर ठेवून आले. परत पाटावर बसले, माझ्याकडे तोंड करून.

"हां," ते म्हणाले. "प्रॅक्टिकलचं काय झालं? पहिल्यापासून सांग."

मी नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगितलं. फ्लास्कमधलं पाणी हलकं गुलाबी व्हायला हवं होतं, माझं एका थेंबाने गडद झालं, केमिस्ट्रीच्या मॅडम ओरडल्या, मी परत केलं, परत गडद झालं. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण हातावरचा भात वाळेपर्यंत ते ऐकत होते.